चांदी कोणाची आणि कीर्ती कोणाची?

मेक्सिकोची राजधानी पाहावयास गेलेल्या प्रवाशाच्या हाती बहुधा एक पत्रक पडतेच : 'वसाहतकालीन क्वेर्नावाका आणि चांदीचे गाव तास्को, एका दिवसात, मार्गदर्शकासह.' सकाळी गाडीत बसावयाचे, दीडेक तासात क्वेर्नावाका, तेथून पुढे डोंगर चढून दुपारी तास्को, भोजन, एका भव्य चर्चचे दर्शन, मग चांदीच्या पेढीत तासभर, आणि रात्री परत. अलीकडे आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी मुलाबाळांकडे अमेरिकेस जातात आणि जाता-येता ही सहलही करून येतात. परतल्यावर देवळाच्या अग्रशाळेत बसून तिचे जे वर्णन होते, ते साधारणपणे एका वाक्यात मावते : "स्पॅनिश लोकांनी काय सुंदर गाव वसवले, आणि चांदीची काय कला तेथे रुजवली!"

या वाक्याचा पूर्वार्ध अर्धसत्य आहे आणि उत्तरार्ध सपशेल असत्य आहे. शिवाय ते आपल्या तोंडी शोभत नाही. एवढे दाखवून द्यावे, यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम उत्तरार्ध घेऊ. तास्कोची चांदी जुनी आहे. तास्कोची चांदीची कारागिरी जुनी नाही. स्पॅनिश सेनानी कोर्तेस याने १५२४ मध्ये आपल्या राजाला जे पत्र लिहिले, त्यात या प्रांताचा उल्लेख येतो तो कथलासाठी. तोफा ओतावयास त्याला कथील हवे होते, आणि येथील लोक कथलाचे तुकडे नाण्यांसारखे वापरतात असे त्याला आढळले होते. कथलाच्या शोधात आलेल्यांना पुढे चांदी लागली. परंतु ती चांदी गावात राहिली काय? राजाचा हिस्सा काढून, खेचरांच्या पाठीवर लादून ती राजधानीच्या टाकसाळीत गेली. तेथे नाणे होऊन काही व्हेराक्रूझ बंदरातून स्पेनला गेली, काही आकापुल्कोहून मनिलाला. त्या नाण्यांचा प्रवाह हिंदुस्थानापर्यंतही येऊन पोचला. मुघल टाकसाळींत रुपये पाडावयास लागणारी चांदी मुख्यतः बाहेरूनच येई, आणि सतराव्या शतकात तिचा मोठा भाग स्पॅनिश अमेरिकेतल्या खाणींचा असे. म्हणजे तास्कोसारख्या गावांची चांदी सर्व जगाला पुरली. गावाच्या वाट्याला आले ते डोंगर पोखरणे.

मग कारागिरी आली केव्हा? मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला. त्यानंतर एकशे दहा वर्षांनी, १९३१ मध्ये, विल्यम स्प्रॅटलिंग नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तास्कोत चांदीकामाची कार्यशाळा काढली. तो मूळचा वास्तुविद्येचा अध्यापक. १९२९ मध्ये तेथे येऊन राहिला होता. त्याने जवळच्या इग्वाला गावाहून आर्तेमियो नाव्हारेते याच्यासारखे सोनार आणले, तास्कोची पोरे हाताखाली घेतली, आणि नमुने निवडले ते स्पेनचे नव्हेत, तर स्पॅनिश पाऊल पडण्यापूर्वीच्या मूर्तींवरील, मुद्रांवरील आणि शिल्पांवरील. त्या पोरांपैकी आन्तोनियो पिनेदा, कास्तियो बंधू यांच्यासारख्यांनी पुढे स्वतःच्या कार्यशाळा थाटल्या आणि तास्कोचे नाव जगभर नेले. तेव्हा ही कला वसाहतीची देणगी नाही. वसाहत गेल्यावर, वसाहतीने झाकून टाकलेल्या रूपांकडे पुन्हा वळून, खाणकऱ्यांच्या नातवंडांनी ती हस्तगत केली. तिला 'वसाहतकालीन' या विशेषणाच्या पदराखाली घालणे म्हणजे ज्याने घडवले त्याचे श्रेय ज्याने लुटले त्याच्या पदरात टाकणे होय.

आता पूर्वार्ध. गाव सुंदर आहे, यात शंका नाही. उतारावरची पांढरी घरे, लाल कौले, दगडगोट्यांच्या अरुंद गल्ल्या, आणि मध्यभागी सान्ता प्रिस्काचे गुलाबी दगडाचे चर्च. होसे दे ला बोर्दा या खाणमालकाने ते १७५१ ते १७५८ या सात वर्षांत स्वतःच्या खर्चाने बांधविले. देव बोर्दाला देतो आणि बोर्दा देवाला देतो, अशी म्हण त्याच्या नावावर प्रसिद्ध आहे, आणि मार्गदर्शक ती न चुकता सांगतात. आपल्यासारख्या दानधर्म जाणणाऱ्या माणसांना ती ऐकून संतोषही वाटतो. परंतु देव आणि बोर्दा या दोघांमध्ये आणखी कोणी होते की नाही? आसपासच्या गावांतून पाळीपाळीने माणसे सक्तीने खाणीवर धाडण्याची पद्धत स्पॅनिश अमलात होती. खनिजाचा चुरा अंगणात पसरून त्यात मीठ व पारा घालावयाचा आणि माणसांनी व खेचरांनी तो तुडवावयाचा, अशी चांदी वेगळी करण्याची रीत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून त्या देशात रूढ झाली होती. पारा तुडविणाऱ्याचे काय होते, हे सांगावयास वैद्य नको. म्हणीत त्यांना जागा नाही, पत्रकातही नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. स्पॅनिशांपूर्वीचे आझ्टेकांचे राज्य म्हणजे काही रामराज्य नव्हते. याच प्रांताकडून तेही खंडणी वसूल करीत. आपला वाद चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्या श्रद्धेशीही नाही. आज त्या वेदीपुढे डोके टेकणारे बहुतेक त्याच खाणकऱ्यांचे वंशज आहेत, आणि त्यांची भक्ती कोणाहून उणी नाही. वाद आहे तो सांगणाऱ्याच्या अर्धवट सांगण्याशी आणि ऐकणाऱ्याच्या आळसाशी.

आळस यासाठी म्हणतो, की पुरावा डोळ्यांसमोर उभा असतो. क्वेर्नावाकात कोर्तेसच्या वाड्याच्या सज्जात दिएगो रिव्हेराने १९३० मध्ये पुरी केलेली भित्तिचित्रे आहेत : ओझी वाहणारे, उसाच्या मळ्यात मुकादमाच्या नजरेखाली वाकलेले देशी लोक, आणि शेवटी शेतकऱ्यांचा पुढारी सापाता. तेथल्या कॅथीड्रलच्या भिंतींवर १५९७ मध्ये जपानात नागासाकी येथे क्रुसावर मारलेल्या सव्वीस जणांची जुनी चित्रे आहेत. त्या सव्विसांतला एक, गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. मेक्सिकोच्या डोंगरात वसईच्या माणसाची मृत्युकथा भिंतीवर रंगविलेली असावी, आणि आपल्या माणसाने तिच्यासमोरून घड्याळ पाहत निघून जावे! पेढीत तासभर आणि भिंतीपाशी दहा मिनिटे, हे वेळापत्रक कोणाच्या सोयीचे, याचा विचार प्रवाशानेच करावयाचा आहे.

आणि तो विचार इतर कोणी न केला तरी आपण केला पाहिजे. १५६० च्या दशकात आपले मंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळला आले, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली. ज्या कुळांनी रात्री नदी ओलांडून देव वाचविले, त्यांच्या वंशजांना 'वसाहतकालीन' हा शब्द गोड का लागावा? उद्या कोणी पाहुणा आपल्या दीपस्तंभाखाली उभा राहून 'ही कला पोर्तुगीजांनी रुजवली' असे म्हणाला, तर आपण संतापू. तोच न्याय तास्कोच्या सोनाराला लावावयास नको काय?

कोणी म्हणेल, सहल ती सहल, तिला शाळा का करता? गाव प्रवाशांवर जगते, त्याच्या पोटावर का येता? मी पोटावर येत नाही. पोटाचीच गोष्ट बोलतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या संपाने तास्कोची मोठी खाण दीर्घकाळ बंद पडली. गाव जगले ते कारागिरांच्या हातांवर. म्हणून गाडी थांबेल त्याच पेढीत, दलालीचा भार सोसून, खरेदी करू नये. शनिवारी तेथे चांदीचा बाजार भरतो. घडविणारे स्वतः माल मांडतात. नगावर ९२५ हा शुद्धतेचा अंक आणि कारागिराच्या नोंदणीची अक्षरे पाहावीत. 'आल्पाका' नावाच्या धातूत चांदी नसते, हे ध्यानी ठेवावे. आणि मार्गदर्शकाला तीन प्रश्न विचारावेत : खणले कोणी, बांधले कोणी, घडवितो कोण? पाचपन्नास प्रवाशांनी विचारले, तर उत्तरे तयार होतील.

शेवटी एक शब्द घरचा. आपल्या देवळांतील चांदीच्या पालख्या, प्रभावळी, मखरे आठवा. त्यांवर देणगीदाराचे नाव, गाव आणि साल कोरलेले असते. घडविणाऱ्या सोनाराचे नाव किती ठिकाणी आढळते? तास्कोच्या बाजारातील साध्या अंगठीवर कारागिराची खूण असते. आपल्या पालखीवर ती नसावी, ही बोर्दाच्या म्हणीचीच आपल्या घरची आवृत्ती आहे. देवस्थानांच्या समित्यांनी यापुढे चांदीचे जे काम करवून घ्यावयाचे, त्यावर दात्याच्या नावाखाली कारागिराचेही नाव कोरण्याचा नियम करावा. त्यास खर्च काही नाही. हे आपण केले, तरच तास्कोच्या चौकात उभे राहून 'चांदी कोणाची आणि कीर्ती कोणाची?' असे विचारण्याचा अधिकार आपल्याला पोचेल.