काजूच्या बागेतला ताप

शिमगा जवळ आला की सिंधुदुर्गातील दोडामार्ग-सावंतवाडीच्या आणि पलीकडे गोव्यातील सत्तरीच्या डोंगरउतारांवर काजूची बी वेचण्याचे काम ऐन भरात येते. कमरेत वाकून, पातेरा हातांनी बाजूला सारीत, गळून पडलेली बोंडे गोळा करीत दिवस काढावा लागतो. या कामावर असलेल्या बायकांपैकी काही गरोदर असतात. पाचवा-सहावा महिना लागला म्हणून रोजावर जाणे थांबविण्याची चैन त्यांना परवडत नाही. त्याच पातेऱ्यात, त्याच महिन्यांत, तिळाएवढी गोचिडीची पिल्ले रक्ताच्या शोधात असतात. ती चावल्याचे बहुधा कळतही नाही. आठवडाभराने ताप भरतो आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

हा प्रश्न केवळ वैद्यकाचा आहे असे मानण्याची सोय शासनाला फार दिवस लाभली आहे. कार्यकर्त्यांनी तरी ती शासनाला देऊ नये.

1957 साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या तापाचा विषाणू शोधून काढला. लोकांनी त्याला माकडताप असे नाव दिले. तो गोचिडीमार्फत येतो, माणसाकडून माणसाला लागत नाही आणि शंभर रुग्णांतील तीन ते पाच दगावतात, हे सारे तेव्हापासून हळूहळू उलगडत गेले. 2015 साली तो सत्तरीत आणि 2016 साली दोडामार्गात प्रकटला. जंगल तोडून बागा वाढल्या, माणूस व गुरे रानात खोलवर शिरली आणि गोचिडीला नवे यजमान मिळाले. हे निसर्गाचे कोडे नसून जमिनीच्या वापराचा इतिहास आहे. कर्नाटकात 1990 पासून दिली जाणारी लस परिणामकारक नसल्याचे आढळून 2022 साली ती बंद करण्यात आली. रोगावर नेमके औषध नाही. पाणी, विश्रांती, रक्तस्रावावर लक्ष आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्या कटाक्षाने टाळणे, एवढाच उपचार.

परंतु गोचिडीचा ताप म्हणजे केवळ माकडताप नव्हे. कुत्र्या-गुरांच्या अंगावरील गोचीड आणखी एक ताप देते. त्याचे जंतू रिकेट्सिया वर्गातले; अंगावर पुरळ उठते, कित्येकदा तळहात-तळपायांवरही. पुणे जिल्ह्यात असे ताप आहेत हे शास्त्रीय नियतकालिकात 1984 सालीच छापून आले होते. आणि या तापाला औषध आहे, स्वस्त आहे! आमच्या मते सगळी विटंबना येथे आहे. ज्या रोगाला औषध नाही त्याच्या नावाने गावोगाव धास्ती पसरते आणि ज्याला औषध आहे तो ओळखलाच जात नाही.

अशी एक मजूर बाई कल्पावी, सात महिन्यांची गरोदर. ताप आला, डोके ठणकते. पहिले दोन दिवस ती घरच्या काढ्यावर काढते. तिसऱ्या दिवशी ताप अंगात घेऊनच बी वेचायला जाते. चौथ्या दिवशी गावातील डॉक्टर तिला सलाइन लावून एक इंजेक्शन देतो. मलेरियाची तपासणी होते, ती नकारार्थी येते. मग डेंग्यू, मग लेप्टो. रक्तातील प्लेटलेट उतरतात, यकृताची तपासणी बिघडलेली दिसते. आणि गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकारातही नेमके हेच घडत असल्याने संशय भलतीकडे वळतो. गोचीड चावली होती का, घरी गुरे आहेत का, रानात जाणे होते का, हे तिला कोणी विचारीत नाही. पुरळही सावळ्या कातडीवर चटकन दिसत नाही. सातव्या-आठव्या दिवशी तिला मोठ्या रुग्णालयात हलवितात. रिकेट्सियाच्या तापांत गर्भपात, मृत बालकाचा जन्म, अपुऱ्या दिवसांची प्रसूती या साऱ्यांच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. त्या नोंदींमागे पुष्कळदा असे आठ दिवस असतात.

या तापावरचे हुकमी औषध डॉक्सिसायक्लिन. ते टेट्रासायक्लिनच्या कुळातले. आणि ती औषधे गरोदर स्त्रीला देऊ नयेत, बाळाच्या दातांवर व हाडांवर परिणाम होतो, हा धडा डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी गिरविला आहे. धडा मूळ टेट्रासायक्लिनपुरता खराच होता. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत ती भीती बरीचशी अवास्तव असल्याचे अलीकडील अभ्यास सांगतात. तरीही सावधगिरी म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनी गरोदर स्त्रियांसाठी ॲझिथ्रोमायसिन सांगितले आहे: रोज 500 मिलिग्रॅम, पाच दिवस. त्याच सूचनांत असेही स्पष्ट आहे की संशय आल्यावर तपासणीच्या निकालासाठी उपचार रोखून धरू नये. तालुक्याच्या ठिकाणी होणारी वाइल-फेलिक्स ही जुनी तपासणी पहिल्या आठवड्यात पुष्कळदा नकारार्थीच येते. तेव्हा निकालाची वाट पाहणे म्हणजे रोगाला वेळ देणे होय. योग्य औषध पडले की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि ते उतरणेच निदानाला पुष्टी देते. उलट पेनिसिलिन वा सेफॅलोस्पोरिनची महागडी इंजेक्शने या जंतूंना काही करीत नाहीत, आणि सल्फाची औषधे तर रोग बळावू देतात.

म्हणजे ज्ञान आहे, औषध आहे, लेखी सूचनाही आहेत. नाही तो वेळ, आणि वेळेचा हिशेब मजुरीशी जोडलेला आहे. ही बाई तिसऱ्या दिवशी तापात कामावर गेली ते अडाणीपणामुळे नव्हे. हंगाम दोन-तीन महिन्यांचा. त्या कमाईवर पुढचा पावसाळा काढायचा असतो. ‘वेळीच दवाखान्यात या’ असे फलक उपकेंद्राच्या भिंतीवर रंगविणाऱ्यांनी त्या दिवसाचा रोज कोण देणार हे त्याखाली लिहिले असते, तर फलक खरा झाला असता.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला. शासकीय सेवेतील व अन्यत्र असा लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या. 2017 साली योजना अवतरली ती पहिल्याच अपत्यासाठी, आणि 5,000 रुपयांची. 2022 पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6,000 देण्याचे ठरले. दुसरा मुलगा झाला तर त्या मातेला भूक लागत नसावी! संघटित क्षेत्रातील स्त्रीला 2017 च्याच दुरुस्तीने 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तिचे आम्ही स्वागतच करतो. पण काजूच्या बागेत रोजावर वाकणाऱ्या स्त्रीची त्या 26 आठवड्यांशी गाठ पडलेली नाही.

दुसरी एक गोष्ट आमच्या चळवळीकडूनही राहून गेली आहे, ती प्रांजळपणे सांगितली पाहिजे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत, संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून जडणारे रोग व्यावसायिक रोग मानलेले होते. रुग्णालये, प्रयोगशाळा, जनावरांची हाताळणी अशी कामे तेथे नमूद होती आणि तशा धोक्याच्या अन्य कामांनाही दार उघडे होते. गोचिडींनी भरलेल्या पातेऱ्यात हात घालणे हे त्यात का बसू नये? गिरणीतील कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग कामगारांनी व्यावसायिक म्हणून मान्य करून घेतला. बागेतील तापासाठी तसा दावा लावून धरण्याचे काम आम्ही पुरेशा नेटाने केले नाही. बहुधा त्या बायका कोणत्याच युनियनच्या वहीत नव्हत्या म्हणून.

दोडामार्गच्या रुग्णाला आजार वाढला की बांबोळीची वाट धरावी लागते. 2018 च्या आरंभी तेथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा या तालुक्यातील लोकांनी आंदोलन केले. त्यांचा राग गोव्यापेक्षा आपल्या राज्याने इतकी वर्षे दाखविलेल्या उदासीनतेवर अधिक होता, आणि तो रास्त होता. गोचिडीला राज्याची हद्द कळत नाही. रुग्णाला मात्र ती दवाखान्याच्या खिडकीपाशी कळते.

या हंगामात पक्षाच्या शाखांनी तीन-चार कामे अंगावर घ्यावीत. बागायतदाराने बी वेचणाऱ्या प्रत्येकीला गोचीड-प्रतिबंधक तेल, पायमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे स्वखर्चाने द्यावेत. मृत माकड दिसताच आरोग्य केंद्राला कळवावे आणि फवारणी होईपर्यंत त्या भागातील काम बंद ठेवावे, मात्र मजुरी बंद ठेवू नये. अंगाला चिकटलेली गोचीड रॉकेलने वा चटक्याने न काढता चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, हे वाडीवाडीवर करून दाखवावे. आशा कार्यकर्तीच्या वहीत गरोदर स्त्रीच्या तापासाठी एक रकाना असावा: रान, गुरे, गोचीड. आणि गरोदर मजूर स्त्रीला ताप आल्यास पहिल्या दिवसापासून ती बरी होईपर्यंतची बुडीत मजुरी निम्मी मालकाने व निम्मी शासनाने द्यावी. काजूची बी पहिल्यांदा बाजारात जाण्यापूर्वी हा ठराव बागा असलेल्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेपुढे मांडावा, आणि मांडताना बी वेचणाऱ्या बायका सभेत पुढच्या रांगेत असाव्यात.