शेकडा किती?

दोस्तांनो, एक साधं गणित करा. जूनमध्ये पेरणी तोंडावर आली आणि बियाणं-खताला पैसे कमी पडले की आसेगावसारख्या गावात एकच प्रश्न असतो, "शेकडा किती?" उत्तर येतं, "तीन." ऐकायला किती कमी वाटतं! पण हे तीन महिन्याचे. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ३०,००० रुपये घेतले, तर वर्षाचं नुसतं व्याज १०,८००.

व्याज पाप की व्यवहार, हा वाद फार जुना. कुराणानं 'रिबा' म्हणजे व्याज हराम ठरवलं. बायबलमधल्या अनुवादाच्या पुस्तकात भावाकडून व्याज घ्यायला मनाई आहे, परक्याकडून घ्यायला मुभा. चर्चनं शेकडो वर्षं ख्रिश्चनांना बंदी घातली. त्यानं व्याज थांबलं नाही. सावकारीचा मोठा भाग ज्यूंच्या गळ्यात पडला आणि लोक पुन्हा त्यांचाच द्वेष करू लागले.

आपल्याकडे काय? मनुस्मृतीत दर वर्णावर ठरतो. महिन्याला ब्राह्मणाकडून शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्यालाच सगळ्यात महाग. आज बँक वर्ण विचारत नाही, तारण विचारते. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याला पैसा महागच पडतो. खरंच किती बदललंय?

पण त्याच धर्मशास्त्रात एक शहाणपणही आहे, दामदुपटीचं. व्याज मुद्दलाच्या पुढे जायचं नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही हा नियम आहे.

आणि तुकोबा? देहूचं त्यांचं घर महाजनाचं, सावकारी पिढीजात. १६३० च्या दुष्काळात सगळं होरपळलं. परंपरा सांगते, की त्यांनी भावाच्या वाट्याची खतं भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. कीर्तनात आपण हे ऐकून डोळे पुसतो. मात्र १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्याला इतिहास 'दंगल' म्हणतो. सावकार स्वतःहून सोडत नाही, तेव्हा कायदा लागतो. तो १८७९ मध्ये आला.

म्हणून माझं म्हणणं, पाप-पुण्याचा काथ्याकूट पुरे. सगळं व्याज वाईट नाही. बचत गटही व्याज घेतो, पण ते गटातच फिरतं. विचारायचं ते एवढंच, की समोरचा धंदा वाढवायला घेतोय की अडलाय म्हणून? अडलेल्याकडून कमावलेला पैसा कुठल्याच धर्मात शोभत नाही.

तुम्ही शिकलेले आहात, घरात हिशेब तुम्ही मांडा. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत वेळेवर फेडलं, तर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. एकदा थकलं की मात्र बँकेचं दार बंद आणि सावकाराचं उघडं. म्हणून फेडीची तारीख बाबांच्या नाही, तुमच्या मोबाईलमध्ये हवी. सावकाराकडे जावंच लागलं, तर परवाना बघा, पावती घ्या. शेतकऱ्यासाठी कायदेशीर दर तारणावर वर्षाला ९ टक्के, बिनतारण १२. त्यापुढे मागितलं, तर तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे तक्रार होते.

आणि रूममेटला परीक्षा फीसाठी हजार रुपये दिले, तर त्यावर टक्का लावू नका यार. तुकोबांनी फक्त आपल्या वाट्याचं सोडलं होतं. आपल्याला तेवढं तर जमेल.