डबा विमानाचा, हिशोब घराचा

वाढदिवसाची भेट घ्यायला आई-वडील मुलाला घेऊन दुकानात शिरतात. मुलगा थेट एका डब्यापाशी जाऊन उभा राहतो. डब्यावर ढगांतून झेपावणाऱ्या मिग-२१ चं झकास चित्र असतं. आई डबा उलटा करून किंमत वाचते आणि दचकते. ''आत आहे तरी काय?'' दुकानदार सांगतो, ''प्लॅस्टिकचे तुकडे. घरी नेऊन जोडायचे, रंगवायचे.'' चार आकडी किंमत मोजायची आणि वर मेहनतही आपलीच! ''एवढ्यात दोन जोडी कपडे येतील,'' असं आईने म्हटलं, तर तिचं काय चुकलं?

काहीच नाही. पण खऱ्या विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती तयार करण्याचा हा छंद इतका महाग का, हे समजून घेतलं, तर पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत हेही आपोआप कळतं.

पूर्वी स्वस्त होतं, ते का?

हा छंद एके काळी खाऊच्या पैशांत भागायचा. ब्रिटनमधल्या एअरफिक्स कंपनीने १९५२ साली 'गोल्डन हिंड' या जहाजाचं किट वूलवर्थच्या दुकानांतून अवघ्या दोन शिलिंगला विकलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेलं स्पिटफायर विमान आलं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, घरोघरी विमानांच्या गोष्टी. मुलं शनिवारी पैसे घेऊन जायची आणि संध्याकाळपर्यंत विमान जोडून मोकळी व्हायची.

या मॉडेलांनी युद्धात कामगिरीही बजावली आहे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांना विमानांची पाच लाख मॉडेलं करून देण्याचं आवाहन केलं होतं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावं म्हणून. मापही विचारपूर्वक ठरलेलं होतं, १/७२. म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा भाग. या मापाचं मॉडेल ३५ फुटांवरून पाहिलं, की ते सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. आजही सर्वांत लोकप्रिय माप तेच आहे.

पैसा प्लॅस्टिकचा नाही, साच्याचा

किटमधलं प्लॅस्टिक वजनाला फारसं नसतं. खरा खर्च असतो तो पोलादी साच्याचा. पंखावरचे बारीक सांधे, चाकांच्या कप्प्यातल्या नळ्या, वैमानिकाची खुर्ची, हे सारं त्या पोलादात उलटं कोरावं लागतं. पहिला डबा विकला जाण्याआधीच कंपनीने मोठी रक्कम घातलेली असते. ती किती डब्यांवर वाटली जाणार, यावर किंमत ठरते. खपाचे आकडे प्रचंड होते, तेव्हा प्रत्येक डब्याच्या वाट्याला साच्याचा थोडाच खर्च येई. पुढे मुलं दुसऱ्या खेळांकडे वळली. १९८१ साली खुद्द एअरफिक्स आर्थिक डबघाईला आली आणि नंतर एका हातातून दुसऱ्या हातात गेली. आता मुख्य गिऱ्हाईक आहे ते मोठ्या वयाचं. त्याला बारीकसारीक तपशील अचूक हवा असतो. खप कमी आणि साचा अधिक नाजूक, मग किंमत चढणारच.

एका भारतीय उदाहरणावरून हे चटकन पटेल. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या 'मरुत' या लढाऊ विमानाचे रचनाकार होते जर्मन अभियंते कुर्ट टांक. १९६१ च्या जूनमध्ये मरुतने पहिलं उड्डाण केलं आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर कामगिरी बजावली. याच टांक यांनी महायुद्धाच्या काळात जर्मनीसाठी फॉके-वुल्फ १९० हे विमान रचलं होतं. त्या जर्मन विमानाची किटं कितीतरी कंपन्यांनी, लहान-मोठ्या सर्व मापांत काढली. आपलं मरुत मात्र शोधून शोधून दमायला होतं! फॉके-वुल्फला जगभर गिऱ्हाईक आहे, मरुतला मूठभर. साचा भावना पाहत नाही, खप पाहतो.

त्यातच बहुतेक चांगली किटं परदेशातून येतात. आयात शुल्काच्या यादीत अशी मॉडेलं खेळण्यांच्याच गटात मोडतात. हे शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७० टक्के. जहाजाचं भाडं आणि दुकानदाराचा नफा वेगळाच. जपान किंवा ब्रिटनमध्ये बेताचा वाटणारा डबा इथे येईपर्यंत डोळे पांढरे करतो, तो यामुळे.

माप लहान, मजा तीच

पहिली बचत मापातच होते. मिग-२१ च्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर. १/७२ मापात ती सुमारे १० सेंटिमीटर होते, १/४८ मध्ये १५, तर १/३२ मध्ये २२. लांबी दीडपट वाढली, की आकारमान तिपटीहून जास्त वाढतं. मग डबा मोठा, भाडं मोठं, रंगही जास्त. १/३२ ची मोठी किटं पाच आकड्यांपर्यंत जातात. शिवाय तयार विमान ठेवायला कपाटात जागा लागते, ते वेगळंच. नवशिक्याने १/७२ पासूनच सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट म्हणजे डब्यावरच्या चित्राला भुलू नये. कित्येकदा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्याच साच्यातले भाग नव्या चित्राच्या डब्यात येतात. असं किट स्वस्तात मिळालं तर सरावाला उत्तम, पण नव्याच्या भावात घेणं म्हणजे फसगत.

तिसरा खर्च डब्याबाहेरचा. प्लॅस्टिकचा खास गोंद, चार-पाच रंग, दोन चांगले ब्रश आणि तुकडे सोडवायला बारीक पक्कड एवढं लागतंच. हा गोंद नुसता चिकटवत नाही, तर प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. म्हणून तो थेंबभरच वापरावा आणि खिडकी उघडी ठेवावी. बाकी सामान घरातच सापडतं. कडा घासायला नेलफाइल, भाग दाबून धरायला कपड्यांचे चिमटे आणि रबरबँड, गोंद लावायला दातकोरणी. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग घेतले, तर टर्पेंटाइनचा खर्चही वाचतो आणि वासही. रंग फवारायचं यंत्र पहिल्या चार-पाच विमानांपर्यंत मुळीच घेऊ नये. धारदार पात्याचं काम मात्र लहान मुलांच्या हाती न देता मोठ्यांनीच करावं.

खरी उधळपट्टी कोणती?

इतकं करूनही या छंदात पैसा बुडतो, तो महागड्या किटमुळे नव्हे, तर न उघडलेल्या डब्यांमुळे. सवलतीत मिळालं म्हणून एक, पुन्हा मिळणार नाही म्हणून दुसरं, मित्राने घेतलं म्हणून तिसरं. बघता बघता कपाटाच्या वर डब्यांची चळत उभी राहते आणि घरात धुसफूस सुरू होते. हा रोग मुलांना कमी, वडिलांना जास्त होतो! त्यावर साधा घरगुती नियम पुरतो. हातातलं विमान पुरं होऊन कपाटात बसल्याशिवाय पुढचा डबा घरात येणार नाही. नियम घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावा आणि मोठ्यांनी आधी पाळावा.

हा नियम पाळला, की हिशोब बदलतो. साध्या १/७२ किटला सावकाश काम केलं तर पंधरा-वीस तास सहज लागतात. म्हणजे तीन-चार रविवार. चौघांच्या कुटुंबाने एक सिनेमा पाहून बाहेर खाल्लं, तर तीन-चार तासांत तेवढेच पैसे संपतात. इथे मुलगा किंवा मुलगी आधी नकाशा वाचायला शिकते, मग थांबायला. रंग वाळेपर्यंत हात लावायचा नाही, ही शिस्त कोणत्याही शिकवणीत मिळत नाही.

विमान कोणतं हेही मुलांनी आधी प्रत्यक्ष पाहून ठरवावं. दिल्लीत पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे, बंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, गोव्यात दाबोळीजवळ नौदलाच्या विमानांचं. १९६३ साली हवाई दलात आलेलं मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडमध्ये निवृत्त झालं. आता ते आकाशात दिसणार नाही. त्याच्या प्रत्येक रेषेची, प्रत्येक झडपेची ओळख करून घेत ते घरच्या टेबलावर उभं करणं, ही भेट दोन जोडी कपड्यांपेक्षा जास्त टिकेल. अट एकच, डबा उघडला गेला पाहिजे.