विकरांची खूण आणि आतड्याच्या कर्करोगाचे भवितव्य

मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचे 2022 मध्ये जगभरात 19 लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि 9 लाखांहून अधिक रुग्ण दगावले, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे अनुमान आहे. भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असले, तरी चिंतेचे कारण वेगळे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 800 रुग्णांच्या अभ्यासात त्यांचे सरासरी वय सुमारे 47 वर्षे होते. म्हणजेच हा रोग आपल्याकडे अनेकदा ऐन कर्त्या वयात गाठतो.

कर्करोगाच्या नोंदींच्या दृष्टीने बंगळुरूचे स्थान महत्त्वाचे आहे. 1973 मध्ये स्थापन झालेली किदवई स्मारक संस्था येथे आहे, लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी 1982 पासून सुरू आहे आणि देशभरातील नोंदणीचे संकलन करणारे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्रही याच शहरात आहे. मात्र रुग्ण किती, हे नोंदणी सांगते. कोणाचा रोग उलटेल, हे सांगत नाही. एकाच टप्प्यावर निदान झालेल्या दोन रुग्णांपैकी एक बरा होतो, तर दुसऱ्याचा रोग पुन्हा डोके वर काढतो. हा फरक आधीच ओळखण्यासाठी गाठीतील विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा अभ्यास सुरू झाला.

सायक्लोऑक्सिजनेज-2 हे विकर त्यांपैकी प्रमुख. आतड्याच्या बहुसंख्य गाठींत ते वाढलेले असते, हे 1994 मध्ये दिसून आले. या विकराला रोखणारे सेलेकॉक्सिब हे औषध केमोथेरपीला जोडल्यास रोग उलटणे टळेल, अशी अपेक्षा होती. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ती पूर्ण झाली नाही. मात्र 2025 मध्ये, विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या रुग्णांत अल्प मात्रेतील ॲस्पिरिनने रोग उलटण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटल्याचे उत्तर युरोपातील चाचणीत आढळले. विकराचे प्रमाण ही केवळ सुरुवात होती. उपयोगी खूण जनुकात सापडली.

प्रत्यक्ष उपचारात स्थान मिळवलेली खूण दुसरीच आहे. पेशी विभाजनाच्या वेळी डीएनएमध्ये होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने असतात. त्यांच्यात विकरांचे गुणधर्म आहेत. सुमारे 15 टक्के गाठींत ही यंत्रणा निकामी असते. दुसऱ्या टप्प्यावर अशा रुग्णांचे भवितव्य तुलनेने चांगले असते आणि एकट्या फ्लुओरोयुरॅसिलचा त्यांना लाभ होत नाही. 2022 मध्ये न्यूयॉर्कमधील चाचणीत अशाच प्रकारच्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या 12 रुग्णांची गाठ केवळ प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाने पूर्णपणे नाहीशी झाली. यंत्रणेतील बिघाड आनुवंशिक असल्यास भावंडांना व मुलांनाही वेळीच सावध करता येते. म्हणूनच ब्रिटनमध्ये 2017 पासून या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णासाठी ही तपासणी सुचवली आहे.

ही तपासणी फार गुंतागुंतीची नाही. गाठीच्या पातळ कापावर चार प्रथिनांचे रंजन करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. परंतु शस्त्रक्रियेनंतर नमुना लगेच फॉर्मेलिनमध्ये ठेवला नाही, तर निष्कर्षांवर विसंबता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शस्त्रक्रियागृहात पाळावयाची ही साधी शिस्त महागड्या यंत्रापेक्षा अधिक मोलाची आहे.

एखाद्या विकराचा मोजक्या रुग्णांत अभ्यास करून निष्कर्ष काढणे सोपे असते. तो निष्कर्ष इतरत्रही टिकणे अवघड. अशा अभ्यासांची मांडणी कशी असावी, याचे आंतरराष्ट्रीय निकष 2005 मध्ये आले ते याच कारणाने. बंगळुरूमध्ये नोंदणीचा चार दशकांचा अनुभव आहे. त्याला तपासणीच्या निष्कर्षांची आणि रुग्णांच्या दीर्घकालीन पाठपुराव्याची जोड मिळाल्यास, कोणाला केमोथेरपी द्यावी व कोणाला तिच्या त्रासातून वाचवावे, याचे उत्तर भारतीय रुग्णांच्याच आधारे देता येईल.