अँजिओग्राफी आहे? घरच्यांनी हे लक्षात ठेवा

डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली, की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण हे ऑपरेशन नाही, तपासणी आहे. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेतात, आयोडीनयुक्त डाय सोडतात आणि अडथळा कुठे आहे ते एक्स-रेवर पाहतात.

तपासणीआधी

‘अर्धा कप चहाने काय होतंय?’ असं त्या दिवशी चालत नाही. किती तास उपाशी राहायचं ते विचारून घ्या आणि चुकून काही खाल्लं असेल तर नर्सला सांगा. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या, विशेषतः मेटफॉर्मिनच्या, गोळ्यांची यादी दाखवा. मात्र कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. डाय किडनीवाटे बाहेर पडतो, म्हणून किडनीचा त्रास असेल तर सांगाच. ॲलर्जी, दमा किंवा गर्भधारणेची शक्यताही लपवू नका.

तपासणीच्या वेळी

नळी घालायची जागा बधिर करतात, रुग्ण सहसा जागाच असतो. डाय जाताना अंगात गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे आधीच सांगितलं तर आई-बाबा घाबरत नाहीत. मध्येच ‘श्वास रोखा’ अशी सूचना मिळू शकते. रुग्णालय बंगळूरु किंवा कोलकात्यात असेल आणि आईला फक्त मराठी येत असेल, तर या सूचना तिथल्या भाषेत कशा देतात ते नर्सला विचारून तिला शिकवून ठेवा.

तपासणीनंतर

नर्स वारंवार नाडी, बीपी, पट्टी आणि बोटांचा रंग पाहते. नळी जांघेतून घातली असेल तर काही तास पाय सरळ ठेवायचा, खोकताना पट्टीवर हात दाबायचा. मनगटातून असेल तर त्या हातावर भार देऊन उठायचं नाही. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

‘नर्सला सारखा कशाला त्रास?’ ही भीड मात्र महागात पडते. पट्टी ओली वाटली, सूज वाढली, हात-पाय थंड किंवा बधिर पडला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा बोलताना जीभ अडखळली, तर लगेच बेल वाजवा.

घरी आल्यावर रक्त आलं तर रुग्णाला आडवं करा, जागा घट्ट दाबून धरा. ती सोडून सोडून पाहू नका. रक्त थांबत नसेल किंवा जोरात येत असेल तर दुसऱ्या कुणालातरी लगेच रुग्णवाहिका बोलवायला सांगा. काही दिवस जड बादली, पिशवी किंवा नातवंडं उचलणं बंद!