फेकण्यापूर्वी वाचा!

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे माळ्यावरच्या वस्तूंच्या परीक्षेचे दिवस. बिनझाकणाचे डबे आणि बंद पडलेली घड्याळे अंगणात रांगेने उभी राहतात आणि घरातली बाईमाणसे त्यांचा निवाडा करतात. हल्ली या रांगेत घरातला संगणकही येऊन बसला आहे. तो सुरू करून चहाचे आधण ठेवावे, चहा पिऊन कप विसळून व्हावेत, तरी पडद्यावरचे ते चक्र आपले गरगरतच असते! मग घरात एकमताने ठराव होतो, "फायली फार साठल्यात. उडवा सगळ्या!"

पण वाचकहो, गुन्हा कोणाचा हे पाहिल्यावाचून शिक्षा कशाला? कपाटात नुसते पडून राहिलेले लग्नाचे फोटो संगणकाला मंद करीत नाहीत. ते जागा तेवढी अडवतात. मंदपणा येतो तो बहुधा दुसऱ्याच मंडळींमुळे. संगणक उघडताच न बोलावता पंगतीला येऊन बसणारे कार्यक्रम पुष्कळ असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातल्या 'स्टार्टअप' या सदरात या पाहुण्यांची यादी मिळते. ज्यांचे रोज काम नाही त्यांना तिथे रजा द्यावी. अशाने ते कार्यक्रम पुसले जात नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय येत नाहीत.

दुसरी गोष्ट 'रीस्टार्ट'ची. 'शटडाउन' म्हटले की हल्लीचा संगणक पुष्कळदा पुरता झोपत नाही. थोडी स्मृती डिस्कवर लिहून ठेवून तो डुलकी काढतो, म्हणजे सकाळी लवकर उठता येते. 'रीस्टार्ट'ने मात्र त्याची खरी अंघोळ होते. तिसरी गोष्ट, मुख्य डिस्क काठोकाठ भरू देऊ नये. काम करताना संगणकाला हात-पाय पसरायला तिथेच जागा लागते. आणि एवढे करूनही तो कण्हत असेल, तर आतली फिरत्या तबकडीची जुनी डिस्क बदलून एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारे काही नसते, म्हणून ती पुष्कळ चपळ असते.

आता केराकडे वळू. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'स्टोरेज' म्हणून जागा आहे. तिथे तात्पुरत्या फायली निवडून काढता येतात. मात्र त्याच यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते. त्यावर खूण करताना हात आखडता घ्यावा. विजेच्या बिलाबरोबर मुलीची गुणपत्रिकाही तिथेच पडलेली असते. पुसलेली फाइल 'रीसायकल बिन'मध्ये बसून असते आणि ते रिकामे करीपर्यंत जागा सुटत नाही. 'विंडोज' नावाच्या फोल्डरात तर हात घालूच नये. देवघराच्या पायाचा दगड अडगळ म्हणून कोणी काढीत नाही!

हे सारे झाले सर्वांच्या संगणकांचे. मराठी घरांतल्या संगणकाला आणखी एक धोका आहे, आणि या लेखाचा खरा हेतू तो सांगण्याचा आहे.

पंचवटीतल्या एका निवृत्त गुरुजींनी वीस वर्षांपूर्वी आपल्या घराण्याची हकीकत संगणकावर लिहिली. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्यांच्या पूर्वजांची नावे होती, तीही उतरवून घेतली. परवा नातवाने साफसफाई काढली आणि म्हणाला, "आजोबा, ही फाइल बिघडली आहे. नुसती इंग्रजी अक्षरे आणि खुणा आहेत. उडवू?"

"अरे थांब," आजोबा म्हणाले, "ते तुझे खापरपणजोबा आहेत!"

झाले होते ते असे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली, तरी आपल्या घरांत आणि छापखान्यांत पुढे कितीतरी वर्षे श्रीलिपीसारख्या फॉन्टांचे राज्य होते. अशा फॉन्टात संगणक आतून मराठी अक्षर साठवीतच नसे. तो रोमन अक्षरांचे वा खुणांचे अंक साठवी आणि फॉन्ट त्यांना मराठी रूपाचा अंगरखा चढवी. दुकानातला माणूस संगणक 'फॉरमॅट' करून देतो तेव्हा तो अंगरखा जातो आणि मराठी मजकूर अगम्य दिसू लागतो. मजकूर तसाच शाबूत असतो. जुनी मोडी कागदपत्रेही वाचणारा नाही म्हणून रद्दीत गेली. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळीत हिंडले, म्हणून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापून निघू लागली.

तेव्हा अशी फाइल दिसली तर पुसू नका. ती कोणत्या फॉन्टात लिहिली ते वडीलमंडळींना विचारा. तो फॉन्ट बसवून मजकूर वाचा. मग परिवर्तकाने युनिकोडमध्ये उतरवा आणि जोडाक्षरे, रफार, अनुस्वार मूळाशी ताडून पाहा, कारण तिथेच चुका राहतात. फॉन्ट आहे तोवर एक पीडीएफही करून ठेवा. मूळ फाइल आणि फॉन्ट दोन्ही वेगळ्या डिस्कवर ठेवा. संगणक दुकानात द्यायचा तो हे सगळे झाल्यावर.

गुरुजींच्या घरी आता नातू मजकूर वाचतो आणि आजोबा चुका सांगतात. अकरा पाने झाली आहेत, तेवीस राहिली आहेत. संगणक अजून थोडा मंदच आहे, पण त्याची घाई आता कोणालाच उरलेली नाही.