ओरखड्यांचा कारखाना

फाटक्या जीन्सचा अपवाद सोडला, तर नव्या कोऱ्या वस्तूवर कारखान्यातच ओरखडे काढून तिची किंमत वाढवणारा दुसरा धंदा आमच्या पाहण्यात नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या व्यवहारात अशा वस्तूला ‘रेलिक’ म्हणतात. रेलिक म्हणजे संताचा अस्थिशेष, वेदीखाली जपून ठेवलेला पवित्र अवशेष. फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपने १९९५ साली हा शब्द उचलला आणि सहा तारा ताणलेल्या एका लाकडी फळीला पूजाविधीची परिभाषा कायमची चिकटली. शब्दाची ही निवड निष्पाप आहे असे आम्हाला वाटत नाही.

जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असे. वर्षानुवर्षांच्या थंडी-उन्हाने लाकूड आकसते, फुगते. लॅकर तितके लवचीक नसते, म्हणून त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते. वादकाचे कोपर जिथे घासते तिथला रंग उडतो, पट्ट्याचे बक्कल पाठ खरवडते, घामाने निकेल काळवंडते. हे सगळे आता नव्या गिटारीवर पात्याने, खरकागदाने, थंडीच्या झटक्याने आणि रसायनांनी काही दिवसांत घडवले जाते. त्यातही प्रतवारी आहे. दुकानात पडून राहिलेली पण कुणी न वाजवलेली गिटार वेगळी, कपाटात जपलेली वेगळी, भरपूर वाजवलेली वेगळी. गिब्सनने २०२१ मध्ये ‘मर्फी लॅब’ सुरू केली, तिथे ‘अल्ट्रा लाइट’पासून ‘अल्ट्रा हेवी’पर्यंत झीज मिळते. कापड वारावर घ्यावे तसा गिऱ्हाइकाने गिटारीचा भूतकाळ मापाने घ्यायचा.

या पंथाचे परमदैवत म्हणजे १९५८ ते १९६० या काळातली गिब्सन लेस पॉल, जिला संग्राहक लाडाने ‘बर्स्ट’ म्हणतात. तिची कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना ओळखीची वाटेल, कारण ती उपेक्षित कृतीच्या पुनर्मूल्यांकनाची कथा आहे. मिशिगनमधल्या कलामाझूच्या कारखान्यात या गिटारी तयार झाल्या. किंमत तीनशे डॉलरच्या आत. त्या खपल्या नाहीत. दोन हजारांचा आकडाही न गाठता कंपनीने नमुना बंद केला आणि १९६१ पासून त्या जागी दोन शिंगांची, सपाट अंगाची वेगळीच गिटार आणली. पुढे कीथ रिचर्ड्‌स, माइक ब्लूमफील्ड, पीटर ग्रीन यांच्या हातांत या बाजारातून उठलेल्या गिटारी आल्या. एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’च्या १९६६ सालच्या ध्वनिमुद्रिकेत तिला मोठ्या आवाजाच्या मार्शल अँप्लिफायरला जोडून असा काही घनगंभीर, लांबणारा नाद काढला की सगळा तरुण वर्ग तिच्या शोधात निघाला. कंपनीला १९६८ मध्ये लेस पॉलचे उत्पादन पुन्हा सुरू करावे लागले. आज मूळची एखादी ‘बर्स्ट’ काही लाख डॉलरना जाते.

इथे एक मौजेची गोष्ट नमूद केली पाहिजे. या गिटारींवरला तांबडा रंग कच्चा होता. उजेडात तो उडे. दुकानाच्या काचेत महिनोन्‌महिने टांगलेली गिटार पिवळी पडे, पेटीत राहिलेली लालच राही. कंपनीच्या दृष्टीने तो दोष होता आणि १९६० मध्ये तिने तो दूरही केला. संग्राहकांनी मात्र या दोषाचेच सौंदर्यशास्त्र रचले. उडालेल्या रंगाच्या छटांना नावे पडली, त्यांची रसिकता जोपासली गेली, आणि आजचे कारागीर न उडणारा रंग अशा हिशेबाने लावतात की तो उडाल्यासारखा दिसावा.

वाल्टर बेन्यामिनने १९३० च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनाविषयीच्या निबंधात म्हटले की प्रतींच्या सुकाळात मूळ कलाकृतीचे तेजोवलय विरते. आमच्या वर्गांतून हे विधान इतक्या वेळा फळ्यावर लिहिले गेले आहे की त्याला धार उरलेली नाही. गिटारच्या बाबतीत ते उलटे करून पाहावे. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नसे. १९५४ ची त्याची स्ट्रॅटोकास्टर पहिल्यापासूनच कारखान्याची वस्तू होती. मान स्क्रूंनी बसवलेली, बिघडली तर काढून दुसरी लावावी. अशा वस्तूला मूळ प्रतच नसते; असतात फक्त प्रती. तिला तेजोवलय लाभले ते नंतर, आणि ते वाजवणाऱ्यांमुळे. रेलिकचा कारखाना हे ‘नंतर’ आधीच घडवून विकतो. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

समर्थक म्हणतात, यात फसवणूक कुठे आहे? गिटारीसोबत प्रमाणपत्र असते, गिऱ्हाइकाला सारे ठाऊक असते. शिवाय झिजलेली मान हाताला सुखावह लागते. दुसरा मुद्दा आम्ही विनातक्रार मान्य करतो. फ्रेटबोर्डच्या गोलावलेल्या कडा, लॅकर उतरलेली मान ही वाजवण्याची सोय आहे आणि सोयीला कुणी नावे ठेवू नयेत. परंतु बक्कलाच्या ओरखड्याने कुणाच्या बोटांना आराम पडतो? सिगारेटच्या डागाने कोणता स्वर सुधारतो? पहिला मुद्दा तर आरोपच बळकट करतो. खोटे कबूल करून विकले म्हणजे ते खरे होत नाही, त्याची फक्त पावती मिळते. आपल्याकडे सतारीच्या घोडीवर तारेने चरे पडले की जवारी बिघडते आणि कारागीर ती घासून पुन्हा काढतो. तिथे झीज वाद्याशी, नादाशी बांधलेली असते. तिच्यावर इलाज करायचा असतो.

मग क्लॅप्टनच्या ‘ब्लॅकी’चे काय, असे कुणी विचारील. विचारावेच. १९७० मध्ये क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या, काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जोडून एक काळी गिटार केली. म्हणजे ‘अस्सल’ ब्लॅकीच मुळात जोडकाम! २००४ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरना गेली. व्यसनमुक्ती केंद्रासाठी तो लिलाव होता. २००६ मध्ये फेंडरने तिच्या २७५ प्रतिकृती काढल्या आणि क्लॅप्टन तारेच्या टोकाला सिगारेट खोचत असे त्याचा डागही प्रत्येकीवर उमटवला. हे हास्यास्पद आहे, पण आमच्या मते हा लहान अपराध आहे. ती प्रतिकृती निदान एका विशिष्ट गिटारीचे नाव घेते. हस्तलिखिताच्या छायाप्रतीत शाईचा डाग छापला जातो तेव्हा तो एका ठरावीक पानावरचा, एका ठरावीक लेखकाच्या हातून सांडलेला डाग असतो. अभ्यासक त्यावरून काही वाचू शकतो. सरसकट झिजवलेली रेलिक गिटार कुणाचेच नाव घेत नाही. तिच्यातली झीज म्हणजे मजकुराशिवाय टाकलेली अवतरणचिन्हे.

साहित्याच्या अध्यापकांनी याकडे दुरून पाहून हसू नये, म्हणून हे लिहीत आहोत. खुणांवरून कर्त्याकडे, प्रसंगाकडे जाणे हाच आपला व्यवसाय आहे. खूण आणि कारण यांची फारकत एकदा रुचीने मान्य केली की मग अनुभवाच्या जागी अनुभवाची झळाळी चालते. न सोसलेल्या दुःखाची भाषा, न पाहिलेल्या गावाची बोली, आधीच चुरगाळलेली कविता, हे सारे आपल्याही बाजारात आहे, आणि त्यालाही प्रस्तावनांच्या रूपाने प्रमाणपत्रे मिळतात. आमच्यातल्या काहींनी अशा प्रस्तावना लिहिल्या आहेत हे सोडून देऊ.

संग्राहकांच्या दुसऱ्या गटाविषयीही, जे खऱ्या ‘बर्स्ट’ बँकेच्या तिजोरीत ठेवतात, आम्हाला ममत्व नाही. ज्या गिटारीची किंमत वाजवणाऱ्यांनी वाढवली तिलाच ते मुकी करतात. पण त्यांनी निदान वस्तूच्या इतिहासात भर घातलेली नाही.

आयर्लंडच्या रोरी गॅलाहरने १९६३ मध्ये कॉर्कमध्ये घेतलेली १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर ही साऱ्या रेलिकांची आजी म्हणावी. तिच्यावर रंग जवळजवळ उरलाच नाही. ती चोरीला गेली, परत मिळाली, आणि तो ती १९९५ मध्ये मरेपर्यंत वाजवत राहिला. तिच्या उडालेल्या रंगाच्या कडा तंतोतंत गिरवलेली प्रतिकृती फेंडरच्या यादीत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला बोनहॅम्सच्या लिलावात मूळ गिटार विकली गेली; घेणाऱ्याने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी घेतली होती. प्रतिकृती अजूनही मिळते, आणि तिच्यावर घामाचा एक थेंब न सांडताही तो सारा रंग उडालेला असतो.